तिला सांग, हेडविग

माझ्या भावाने पर्च माशांसाठी लावलेल्या जाळ्यात एक युद्धनौका पकडली. थट्टा नाही. मिडसोमरच्या, म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सणाच्या दिवशी, भर दुपारी, साऱ्या गावाच्या डोळ्यांदेखत. नौका लहान होती, समुद्रातले जुने सुरुंग शोधणारी, पण युद्धनौकाच. आणि भाऊ म्हणजे आल्गोत. आमच्या ओलांड बेटांवर सैनिक नको, तोफ नको, किल्ला नको, असं एकोणीसशे एकवीस सालच्या करारात दहा देशांनी लिहून दिलंय. ते दहाही देश उद्या विसरले तरी आल्गोत विसरणार नाही.

आल्गोतचा जन्म त्या करारावरच गेला म्हणा ना. आमच्या स्वायत्त सरकारात परराष्ट्राचं काम बघायला दोन माणसं होती, त्यातला तो थोरला. आम्ही फिनलंडचे, पण कायदेमंडळ आमचं, झेंडा आमचा, भाषा आमची स्वीडिश. युरोपीय संघात शिरलो तेही वेगळं मतदान करून, वेगळ्या अटी लिहून घेऊन. मिळाली नाही ती फक्त खुर्ची. ब्रसेल्सच्या बैठकीत पुढच्या रांगेत हेलसिंकीचा माणूस बसायचा आणि त्याच्या पाठीमागे दुसऱ्या रांगेत आल्गोत. काही बोलायचं असलं की पुढे वाकून त्या माणसाच्या कानाला लागायचं, "त्यांना सांग..." मग तो माणूस सांगायचा. आल्गोतने दहा वाक्यं आत घातली की माइकमधून दोन बाहेर यायची, तीही कडा घासून गुळगुळीत केलेली. उरलेली आठ तो घरी घेऊन यायचा आणि रात्रीच्या जेवणाला आम्हाला ऐकवायचा. आमच्या बदकांच्या शिकारीवर बंदी आणायचं प्रकरण चाललं होतं त्या वर्षी तर मी त्याच्याकडे जेवायला जाणंच सोडलं होतं.

"समोर कोणी बसलेलं नसतं ना," तो म्हणायचा, "तर असं बोललो असतो की युरोपभर ऐकू गेलं असतं."

अशा माणसाच्या पोटी यिल्वा जन्माला आली. एकुलती एक. ओलांडच्या पोरांना सैन्यात जावं लागत नाही, हा आमचा हक्क, आणि आल्गोत तो दागिन्यासारखा मिरवायचा. यिल्वा विशीत गेली आणि आपण होऊन फिनलंडच्या नौदलात भरती झाली. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी भरीला घातलं नव्हतं. आल्गोत एकदाच बोलला, "जी बंदूक मी आयुष्यभर दाराबाहेर ठेवली ती हिने मागून घेतली." त्यानंतर त्याने तिच्याशी बोलणं टाकलं.

टाकलं म्हणजे त्याच्या पद्धतीने टाकलं. तो दुसऱ्या रांगेत जाऊन बसला. फोन आला की मार्गितवहिनी कानाला लावायची आणि हा मागे उभा राहून म्हणायचा, "तिला सांग, गुडघा बरा आहे. तिला सांग, छप्पर गळत नाही आता." वहिनी गेली आणि ती पुढची खुर्ची माझ्या गळ्यात पडली. दफनाच्या वेळीसुद्धा कबरीच्या एका बाजूला हा, दुसऱ्या बाजूला ती, आणि मध्ये मी, रुमाल भिजलेला, हिचं त्याला आणि त्याचं हिला सांगतेय. मला तेव्हा दोघांच्याही कानाखाली वाजवावीशी वाटली होती.

तर तो मिडसोमर. आमच्या हाम्नस्काता गावापुढे त्या वर्षी एकच प्रश्न होता: खांब उभा राहणार की नाही? आमचा खांब म्हणजे जहाजाच्या डोलकाठीएवढा उंच. त्याला पानांच्या माळा, कागदी सूर्य, लाकडी गलबतं, आणि अगदी टोकाला वाऱ्यावर हात फिरवणारा लाकडी बुटका. हे सगळं माणसांनी आपल्या हातांनी उभं करायचं, यंत्र लावायचं नाही. आणि हातच कमी पडायला लागले होते. वसंतातल्या सभेत ठरलं, की यंदा आपल्या बळावर खांब उभा राहिला तर राहिला, नाहीतर पुढच्या वर्षापासून शेजारच्या ओस्टरविकच्या खांबाभोवती जाऊन नाचायचं. माझ्या नवऱ्याने, बर्टेलने, त्याच सभेत क्रेन सुचवली. खांबाचा नाईक आल्गोत. तो बर्टेलकडे असा बघत राहिला की बर्टेल खाली बसला आणि उरलेली सभा त्याने कॉफीच्या कपात बघत काढली.

सणाच्या सकाळी दोन निरोप आले. एका घरची मंडळी नातू झाला म्हणून स्टॉकहोमला गेली होती. दुसऱ्या घरी तीन धडधाकट माणसं, तिघंही तापाने अंथरुणात. उरलेल्यांत मी धरून बरेचजण साठीपुढचे. आल्गोतने निरोप ऐकले. खांबाला माळ गुंडाळत राहिला, पण एकाच जागी तीनदा गुंडाळली. या माणसाने खांबाचं नाईकपण बापाकडून घेतलं होतं आणि ते त्याच्या हातात संपणार होतं.

तेवढ्यात नौका आली. बेटांमधल्या जलमार्गाने सावकाश आली, गावासमोर येऊन एकदम थबकली, पाठीमागून काळा धूर सोडला आणि नांगर टाकून गप्प उभी राहिली. आम्ही सगळे माळा हातात घेऊन बघत राहिलो.

आल्गोतने दुर्बीण मागवली. "एखाददुसरी हलकी नौका अधूनमधून चालते," तो म्हणाला. "तात्पुरता नांगर चालतो. पण पाय नको हं. धक्क्यावर पाय नको."

"त्यांनी पाय मागितलाय का अजून?" मी म्हटलं.

नौकेवरून पाणबुड्या उतरला. बराच वेळ खाली होता. वर आला तेव्हा त्याच्या हातात जाळ्याचं भेंडोळं होतं आणि एक नारिंगी तरंगतं. मग नौकेवरून एक छोटी बोट सुटली. बोटीत एकटीच बाई, निळ्या गणवेशात, मांडीवर ते तरंगतं घेऊन. वल्ही मारायची ती पद्धत मी दुरूनच ओळखली, कारण मीच शिकवली होती.

आल्गोतनेही ओळखली असणार. दुर्बीण खाली आली आणि तो माझ्या पाठीमागे येऊन उभा राहिला. दुसरी रांग!

यिल्वाने बोट धक्क्यापासून वल्ह्याच्या अंतरावर थांबवली. "हेडविगआत्या, सणाच्या शुभेच्छा."

"तुलाही गं पोरी. ही नौका तुझी?"

"मार्चपासून. आत्या, तुझ्या भावाला विचार, यावर 'आल्गोत सोदेरलुंड, हाम्नस्काता' लिहिलंय, ते हेच का?"

"दादा, ती विचारतेय..."

"ऐकू आलं मला. तिला सांग, तरंगतं माझं आहे."

"त्यांना विचार, जलमार्गाच्या मधोमध जाळं लावायची परवानगी कुठल्या कलमाने दिली? जाळं आमच्या पंख्यात अडकलंय. सोडवायला संध्याकाळ होणार."

मागे खसखस पिकली. बर्टेल तर उघडच हसला. आल्गोतचे कान लाल झाले. करार नाही, नियम नाही, साधा मासेमारीचा कायदा, आणि तो मोडताना पकडला गेला कोण, तर हा!

"तिला सांग, या मार्गाने एप्रिलपासून कोणी फिरकलेलं नाही."

"त्यांना सांग, मी फिरकले."

हे मी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. दोघं इतक्या जवळ होते की एकाने शिंक दिली असती तर दुसऱ्याने 'जपून' म्हटलं असतं. आल्गोत मागून पुटपुटला, "तिला सांग, त्या कपड्यांत तिला बघून तिच्या आईला काय वाटलं असतं."

मी म्हटलं, "बाबा म्हणतायत, वाळलीस."

"मी असं म्हटलं नाही!"

"हेलसिंकीचा माणूस काय करायचा मग? तेच करतेय मी."

यिल्वा हसली. ओठ मुडपून, बापासारखीच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "यिल्वा, तुझ्याकडे रिकामी माणसं किती आहेत गं?"

"पाणबुडे सोडून सगळे. का?"

मी आडव्या पडलेल्या खांबाकडे बोट दाखवलं. तिने बघितलं. मग खांबाभोवतीची म्हातारी मंडळी बघितली, आणि तिचा चेहरा उतरला. "एवढेच?"

"एवढेच. आज नाही उठला तर पुढच्या वर्षी ओस्टरविकला जायचंय नाचायला."

"गणवेश धक्क्याला लागणार नाही," मागून आल्गोत. "तिला सांग. खांब पडून राहिला तरी चालेल."

त्याला ते चालणार नव्हतं हे गावातल्या कुत्र्यालाही कळत होतं. यिल्वाने वल्हं आडवं ठेवलं. मग म्हणाली, "त्यांना सांग, माणसं गणवेश काढून येतील. पण नौकेवर आमच्याकडे साधे कपडे नाहीत. व्यायामाच्या बनियनवरसुद्धा नौदलाची खूण आहे."

"कपडे मी देते," मी म्हटलं, कोणालाही न विचारता.

पुढचा तासभर गावात जो गोंधळ उडाला तो बघायला तुम्ही हवे होतात. घराघरातून कपाटं उपसली गेली. फिनलंडचं नौदल आमच्या बोटघरात शिरलं ते अंतर्वस्त्रांवर, चादरी गुंडाळून, आणि बाहेर पडलं ते चर्चच्या गायनवृंदाच्या झग्यांत, फुलाफुलांच्या ब्लाउजांत आणि मेलेल्या आजोबांच्या कोटांत. यांत्रिक खात्याचा प्रमुख, सहा फुटी गडी, माझ्या गुलाबी स्वेटरमध्ये. त्यांना आमची स्वीडिश कळेना, आम्हाला त्यांची फिनिश. यौको नावाचा एकच खलाशी दोन्ही बोलायचा. तो बर्टेलच्या लग्नातल्या विजारीत आला होता, ती बर्टेललाही गेली तीस वर्षं होत नव्हती.

"काकू," विजार सावरत यौको मला म्हणाला, "खरं म्हणजे आम्ही उत्तरेकडून जाणार होतो. तो रस्ता जवळचा. कॅप्टन म्हणाल्या, आज इकडून जाऊ, इकडून दृश्य चांगलं आहे."

आल्गोत शेजारीच काठ्या मोजत होता. त्याने मोजणं थांबवलं. मग पहिल्यापासून मोजायला घेतलं.

खेपा करून माणसं आणून सोडली तरी यिल्वा मात्र बोटीतच. मी तिच्यासाठी माझा निळा झगा घेऊन धक्क्याच्या टोकाला गेले. "हा घाल आणि ये."

"नाही आत्या."

"अगं सगळ्यांनी घातले!"

"त्यांचं ठीक आहे, त्यांचं इथे कोणी नाही. मी या कपड्यांत कष्टाने पोचलेय. ते काढून आले तर घरी भलतीच कोणी आली असं होईल. तसं मला यायचं नाही." मला रागही आला आणि तिचं म्हणणं पटलंही. दोघंही एकाच लाकडाची. मी झगा खांद्यावर टाकून मागे फिरले.

पेच अजून होताच. आमचा खांब अगदी पाण्याच्या काठावर, खडकातल्या भोकात बसतो. खांबाचं टोक जमिनीकडे पडलेलं असतं. टोकाला फाटा असलेल्या दुबेळक्या काठ्यांनी तो रेटत वर न्यायचा आणि समुद्राच्या बाजूने एक दोर ओढत राहायचा. त्या बाजूला उभं राहायला जमीन नाही. म्हणून पाण्यातल्या खडकाच्या कडीला बोट बांधायची आणि बोटीतून दोर ओढायचा, अशी आमची रीत. तो दोर वर्षानुवर्षं मार्गितवहिनी धरायची. ती गेल्यापासून मी आणि बर्टेल मिळून कसाबसा धरत होतो.

"दादा," मी म्हटलं, "समुद्राचा दोर बोटीतूनच धरतात ना? बोटीत माणूस आहे."

आल्गोत खडकाकडे बघत राहिला. मग घसा खाकरून म्हणाला, "तिला सांग, पाण्याचं वेगळं आहे. करारात..."

"'निरुपद्रवी ये-जा करण्याच्या स्वातंत्र्याला बाधा येणार नाही,'" बोटीतून आवाज आला. "पाचवं कलम. लहानपणी आंघोळ घालताना म्हणायचे ते. आत्या, त्यांना सांग, मला अजून पाठ आहे."

आल्गोतने टोपी काढली, कपाळ पुसलं, पुन्हा घातली. "तिला सांग, इंजिन लावायचं नाही. हाताने."

"त्यांना सांग, मला माहीत आहे."

दोर तिच्याकडे फेकला. तिने बोट कडीला बांधली, पाय बोटीच्या फळीला टेकवले, दोर कमरेमागून घेतला. तंतोतंत वहिनी. मी मुद्दाम आल्गोतकडे बघितलं नाही.

खांब उठायला लागला. आल्गोत पुढे उभा राहून आरोळी द्यायचा, "हेई!" आणि आम्ही सगळे, गाव आणि नौदल, "हुप्प!" करून रेटायचो. या कामाला भाषा लागत नाही. गुलाबी स्वेटर माझ्या शेजारी होता आणि बैलासारखा रेटत होता. मी धक्क्याजवळच्या काठीवर होते, म्हणजे बापलेकींच्या बरोबर मध्ये. आल्गोत म्हणायचा, "तिला सांग, ताण." मी ओरडायची, "यिल्वा, ताण!" ती म्हणायची, "सांग, ताणलाय." असं आमचं चाललं होतं. खांब अर्ध्याच्या वर गेला. बुटक्याचे हात फिरायला लागले. लहान काठ्या काढून लांब काठ्या लावायची वेळ आली.

हा घात करणारा क्षण असतो. निम्म्या काठ्या निघालेल्या, निम्म्या लागायच्या. नेमकी समुद्राकडून वाऱ्याची झुळूक आली, झुळूक कसली, धक्काच तो. कागदी सूर्यांनी वारा धरला आणि खांब मागे, आमच्या डोक्यांवर यायला लागला. कोणीतरी किंचाळलं. माझी काठी निसटली. बर्टेल नेमका खांबाखाली.

"तिला सां..." आल्गोतने सुरुवात केली.

मग तो दोन ढांगांत माझ्यासमोर आला. मला अक्षरशः बाजूला ढकललं, मी गवतात बसले. "यिल्वा!" असा ओरडला की पलीकडच्या बेटावरचे पक्षी उडाले. "ओढ! सगळं अंग टाक, पोरी! ओढ!"

"ओढतेय, बाबा!"

"सोडू नकोस!"

"नाही सोडत! काठ्या लावा, बाबा, लवकर!"

ती दोरासकट मागे पडली, पाठ बोटीच्या तळाला लागली, पण दोर सोडला नाही. बोट कडीला करकरली. खांब थबकला, थरथरला आणि तेवढ्यात लांब काठ्या लागल्या. "हेई!" "हुप्प!" आणखी दोन आरोळ्या, आणि खांब भोकात धप्पकन बसला. बर्टेल खांबाखालून बाहेर आला आणि कोणाला तरी मिठी मारायची म्हणून त्याने गुलाबी स्वेटरला मारली. सगळे ओरडत होते, फिनिशमध्ये, स्वीडिशमध्ये. व्हायोलिन सुरू झालं. मी गवतात बसूनच रडले, सांगायला लाज कसली.

मग टेबलं लागली. हेरिंग मासे, नवे बटाटे, आमचा जाड ओलांडी पॅनकेक आणि त्यावर आलुबुखाराचा मुरंबा. नौदल तुटून पडलं. यिल्वा दोर बांधून बोट धक्क्यापर्यंत घेऊन आली होती आणि परत वल्ह्याच्या अंतरावर थांबली होती. मी तिच्यासाठी ताटली भरली. एका हातात ताटली, दुसऱ्या हातात काटा, धक्क्याच्या टोकाला जाऊन उभी राहिले. पाठीमागे आल्गोतची पावलं वाजली. मी मनात म्हटलं, चला हेडविगबाई, बसा खुर्चीत.

पण पावलं माझ्यामागे थांबली नाहीत. शेजारून गेली. बोटी ओढायच्या उतारावरून आल्गोत खाली उतरला, सणाचे काळे बूट घालून थेट पाण्यात. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. चांगल्या विजारीचा सत्यानाश. बोटीची कड धरून तो उभा राहिला. त्याच्या पुढच्या खुर्चीत आता कोणी बसलेलं नव्हतं. आता बोल, मी मनात म्हटलं, युरोपभर ऐकू जाईल असं बोल.

त्याने आधी खांबाकडे बघितलं, मग नौकेकडे.

"इकडून दृश्य चांगलं दिसतं म्हणे," शेवटी तो म्हणाला.

यिल्वाने मान वर करून खांबाकडे बघितलं. "चांगलं आहे. खांब जरा डावीकडे कललाय, बाबा."

"माहितीये." त्याने नाक पुसलं. "सरक थोडी."

ती सरकली. बोट एवढी डगमगली की मला वाटलं दोघं उलटणार. पण तो चढला, तिच्या शेजारी, पुढच्या फळीवर बसला आणि बुटातलं पाणी नौदलाच्या बोटीत ओतलं. ती हसता हसता रडायला लागली. त्याने तिचा हात उघडून दोराने सोललेला तळवा बघितला आणि खिशातला रुमाल त्यावर बांधायला घेतला. दोघं काहीतरी बोलत होते. काय ते मला ऐकू आलं नाही, व्हायोलिन जोरात होतं.

मी ताटली धरून तशीच उभी राहिले. पॅनकेक गार झाला. कोणीही मला कोणालाही काही सांगायला सांगितलं नाही. मग मी तो तिथेच उभ्याने खाऊन टाकला.